तिसऱ्या ओळीतलं पान

पान तोडलं आन मी ते शर्टाच्या खिशात कोंबलं. कुनी बघितलं का म्हणून मागं वळले. कुनी न्हवतं. मग दुसरं पान दिसलं. मग तिसरं. शेजारच्या वेलाचा तर शेंडाच आखडल्याला. खिशात मावतील तरी किती पानं?

तिसरी ओळ होती. माझीच ओळ. सकाळचे नऊ बी वाजले न्हवते. ते पान हिरवंच होतं, पन सगळीकडं सारखं हिरवं न्हाई. मधी मधी फिक्कट डाग, मधी गडद, आन गडद जागा फुगून वर आल्याल्या, अंगावर पित्त उठतं तशा. कड आत वळल्याली. असलं पान मी वळखत होते. रोज बघत होते. आमच्या घरामागं, गोठ्याच्या पत्र्यावर चढवल्याल्या वेलावर.

आधी काम सांगते, म्हंजी पुढचं कळंल. मी कोळवणच्या खोऱ्यात एका पॉलीहाऊसवर कामाला हाय. लोखंडी कमानींवर जाड पांढरा प्लास्टिकचा कागद ताणून घरासारखं करत्यात, ते पॉलीहाऊस. आत काकडी. ती जमिनीवर पसरू देत न्हाईत, वर तारंला बांधल्याल्या दोरीवर चढवायची. एका वेलाला एक दोरी. वेल वर जाताना पानाच्या बगलंत नवी फूट निघती, तिला बगलफूट म्हणत्यात. ती ठेवली तर नुसता झाडोरा होतो, काकडी धरत न्हाई. म्हणून ती नखानं खुडायची. एका वेलाची खुडली की दुसरा वेल, दुसऱ्याची खुडली की तिसरा. दिवसभर हाच धंदा. संध्याकाळी बोटं चिकानं काळी-हिरवी.

वीस ओळी हायेत आन आमी पाच बायका. चार-चार ओळी वाटून दिल्याल्या. ज्याच्या ओळी त्यानंच बघायच्या, दुसऱ्याच्यात जायचं न्हाई, हा आण्णांचा नियम. आण्णा आमचे सुपरवायझर. त्यांचं म्हणणं, काकडी वाकडी निघाली तर कुनाचा कान धरायचा ते मला कळलं पायजे. दाराकडनं पहिल्या चार ओळी माझ्या. पाच ते आठ विमलताईच्या. पार पलीकडच्या भिंतीकडं, सतरा ते वीस, सुनीताच्या.

आन पॅकिंगच्या शेडात, पत्र्याच्या खांबाला बांधल्याल्या साडीच्या झोळीत, माझी आरू. दहा महिन्यांची. ती हितं हाय म्हणून मी हितं हाय. पिरंगुटच्या कंपनीत मी होते लग्नाआधी, तितं लेकरू नेऊ देत न्हाईत. सासूचे गुडघे गेल्यात, रांगत्या पोरीमागं त्यांना पळवत न्हाई. नवरा हिंजवडीला गाडीवर ड्रायव्हर, सकाळी जातो ते अंधार पडल्यावर येतो. ह्या पॉलीहाऊसचे मालक वानखेडे साहेब विदर्भातले, आयटीत नोकरीला, शनिवार-रविवार येत्यात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की लेकराला घेऊन आलात तरी चालंल. अशी जागा दुसरी न्हाई. मी शोधलीय, म्हणून सांगते.

तर मी तिसऱ्या ओळीत उभी, खिशात पानं. मग चौथ्या ओळीत डोकावले. तितं बी दोन वेल. मग मात्र मी आण्णांना हाक मारली. ती काय शानपणानं मारली न्हाई. लपवून भागंना म्हणून मारली.

आण्णा आले. चष्मा वर केला, पान उलटं-सुलटं केलं. म्हणले, लोह कमी पडलंय, फवारा मारू, चार दिवसात हिरवंगार. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. लोह तर मला बी कमी पडलं होतं आरूच्या टायमाला, गोळ्या खाल्ल्या आन झालं नीट. पन आण्णांनी सवयीनं फोटो काढून साहेबांना धाडला, आन साहेबांनी तो पुण्यातल्या एका मॅडमला धाडला. पिकाच्या डॉक्टर हायेत त्या, साहेब त्यांचा सल्ला घेत्यात. अर्ध्या तासात साहेबांचा फोन आला. आण्णांनी स्पीकरवर लावला.

"आण्णा, सगळ्यांले बाहेर काढा. कोनी कायलेच हात लावू नका. मॅडम उद्या येऊन राहिल्या."

आण्णांनी विचारलं, साहेब काय झालंय? साहेब म्हणले, व्हायरस दिसते.

कोरोनानंतर त्या शब्दाचा अर्थ कुनाला सांगावा लागत न्हाई. आमी पाची जणी बाहेर आलो. सुनीतानं तर पदर तोंडाला लावला.

घरी गेले ती थेट गोठ्यामागं. आरू कडंवर, पिशवी खांद्याला, तशीच. वेलाकडं बघितलं. भोपळ्याचा वेल, त्यात काकडीचा घुसल्याला, दोन्ही पत्र्यावर. पानं तशीच. फिक्कट, गडद, फुगल्याली. महिना झाला असंल तशी होऊन. सासूला मी आत्या म्हणते. आत्या म्हणल्या होत्या की दिष्ट लागली, आन त्यांनी वेलाला काळा दोरा बांधला होता. भोपळे धरत होते, थोडे वेडेवाकडे, पन धरत होते. मग कोन कशाला बघतंय?

आन तितं उभ्या उभ्या मला ऋषीपंचमीची सकाळ आठवली.

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बायांनी बैलाच्या कष्टाचं खायचं न्हाई. नांगरल्याल्या रानातलं काय बी चालत न्हाई, परसातलं, हातानं लावल्यालंच खायचं. त्याची मिसळून एक भाजी करत्यात, ऋषीची भाजी. तर त्या सकाळी आत्यांना गुडघ्यामुळं पत्र्याजवळ चढवंना, म्हणून मीच चढले. भोपळ्याचे कवळे शेंडे खुडले, पानं खुडली, दोन काकड्या तोडल्या. नखानंच खुडले, रोजची सवय. हात सगळे चिकानं भरले. तेवढ्यात खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न. मी भाजी आत्यांच्या पुढ्यात टाकली, हात पदराला पुसले, आरूला उचललं आन पळाले. जीप चुकली की मागं एसटीचा भरवसा न्हाई.

आन जाऊन काय केलं? शेडातल्या खुंटीचा शर्ट चढवला आन पहिल्या ओळीत बगलफूट खुडायला लागले. त्याच हातानं.

त्याला झाले होते तेरा दिवस.

मी त्या दिवशी कुनाला काय बोलले न्हाई. नवऱ्याला बी न्हाई. मनात म्हणलं, मॅडम येतील, बघतील, कदाचित लोहच निघंल.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. कोमल मॅडम. मला वाटलं होतं मोठ्या वयाच्या असतील, तर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. गाडीतनं उतरल्या, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, रबर लावलं, हातमोजे घातले आन मगच आत गेल्या. आमी बाया दाराच्या जाळीतनं बघत होतो. बाहेर आल्या त्या दोन पानं घेऊन. एका छोट्या पिशवीत पाणी होतं, त्यात पान टाकून पेनाच्या टोपणानं चेचलं. मग त्यात कागदाची एक बारीक पट्टी बुडवली.

"आता थांबायचं," मॅडम म्हणाल्या. "एक रेघ आली तर सुटलो. दोन आल्या तर व्हायरस."

ही पट्टी आमाला कुनालाच समजावून सांगावी लागली न्हाई. पाचातल्या चौघींनी तसल्या रेघांची वाट बघितल्याली. सुनीता हळूच म्हणाली, सारिके, आपल्याला दोन आल्या की पेढे असत्यात.

पहिली रेघ आली. मग दुसरी. आधी फिक्कट, मग चांगली लाल.

मॅडमनी आमाला समोर बसवून सांगितलं. ह्या रोगाला मोझॅक म्हणत्यात, फरशीवर रंगीत तुकडे बसवत्यात तसं पान दिसतं म्हणून. इंग्रजीतलं त्याचं नाव लांबलचक हाय, ते माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. काकडी, भोपळा, दुधी, खरबूज, कलिंगड, सगळी वेलवर्गातली भावंडं, एकाचं दुसऱ्याला लागतं. काही व्हायरस मावा नावाची कीड नायतर पांढरी माशी एका पानावरनं दुसऱ्या पानावर नेती. हा व्हायरस मात्र चिकातनं जातो. हातानं, नखानं, कात्रीनं, कापडानं. बियातनं बी येतो. आन याला औषध न्हाई. फवारा मारा, काय बी मारा, लागल्यालं झाड बरं होत न्हाई. ते काढायचंच.

आण्णांनी विचारलं की किती काढायचं. मॅडम म्हणाल्या, तेच तर कळत नाही. लागण झाली तरी पानावर दिसायला दोन-दोन आठवडे जातात. आज हिरवं दिसतंय त्यात बी असू शकतो. रोपांच्या बियातनं आला असंल तर वीसच्या वीस ओळीत कुठं बी असंल, आन मग एक बी वेल ठेवण्यात अर्थ न्हाई. कुनाच्या तरी हातानं आला असंल तर तो हात जिथं जिथं गेला तेवढंच. त्यांच्याजवळ पट्ट्या आठ-दहाच होत्या. सगळ्या वेलांना कुठनं पुरणार? कुठं शोधायचं ते कळलं तरच त्यांचा उपयोग.

साहेब फोनवर होतेच. आण्णांना म्हणले, "पूर्ण हाऊस काढाचं असंन तर आजच काढा. मंग मी यंदा पुन्हा लावत नाही. आता उन्हाळ्यातच पाहू."

उन्हाळा. माझ्या डोक्यात आधी आरू आली. उन्हाळ्यापातुर मी हिला घेऊन कुठं जाऊ? अशी झोळी दुसरं कोन बांधू देनार हाय?

मॅडमनी विचारलं, महिन्याभरात बाहेरून काही आलं का आत? रोप, हत्यार, माणूस?

आण्णांनी विमलताईकडं बघितलं.

विमलताई आमच्यात नवी. दोन महिन्यांपूर्वी आली. आधी घोटावड्याच्या बाजूला दुसऱ्या पॉलीहाऊसवर होती. तितली आपली कात्री ती बरोबर घेऊन आली होती, हाताला बसलीय म्हणून. मी सुद्धा ती एक-दोनदा मागून घेतली होती. आण्णांनी हे सगळं मॅडमला सांगितलं. आन वर म्हणले, "मी तवाच म्हणलं होतं, दुसरीकडची हत्यारं हितं नकोत. हिनंच आणला."

विमलताई उठून उभी ऱ्हायली. आरू तिच्याच मांडीवर होती, तिला खांद्यावर घेतली.

"आण्णा, मला येऊन दोन महिने झाले. दोन महिने रोग काय घोटावड्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसला व्हता?"

आण्णा म्हणले, तोंड चालवू नको. मॅडम म्हणाल्या, थांबा. पन साहेबांचा आवाज फोनमधनं आलाच की विमलताईले उद्यापासून थांबवा, मंग पाहू.

आता बघा माझं काय झालं ते. माझ्या समोर विमलताई, तिच्या खांद्यावर माझी पोरगी, पोरीच्या मुठीत तिच्या गळ्यातली माळ. माझी पोर रडली की हातातलं टाकून पळते ती बाई. आन मी गप. दोन-तीन श्वास मी गप बसले होते. खोटं कशाला सांगू.

मग तोंडातनं आपोआप निघालं. "मॅडम, कात्रीनं न्हाई. माझ्या हातानं आला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी थांबलेच न्हाई. भोपळा, पत्रा, ऋषीची भाजी, जीपचा हॉर्न, पदर, सगळं एका दमात. आण्णा मधी म्हणले, अगं हळू. मला हळू येतच न्हवतं. खिशातली पानं बी काढून दाखवली. आदल्या दिवशीची, सुकल्याली. मॅडमनी ती हातमोज्यानं घेऊन पिशवीत टाकली. रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "सारिका, एकेक करून सांग. त्या दिवशी कुठून सुरू केलंस?"

मी म्हणले, पहिल्या ओळीपास्नं. एक, दोन, तीन, चार. माझ्या ओळी.

"मग?"

मग आरू उठली. तिला पाजायला शेडात गेले.

"आणि मग परत त्याच ओळी?"

न्हाई. त्या दिवशी तिघी जणी सणामुळं आल्याच न्हवत्या. मी आन विमलताई दोघीच. आण्णा म्हणले, सुनीताच्या ओळीची फूट लई वाढलीय, ती तेवढी काढ. म्हणून दुपारपास्नं मी सतरा ते वीस केल्या.

सुनीतानं कपाळाला हात लावला. आण्णांचा चेहरा उतरला, कारण नियम त्यांचा आन मोडला बी त्यांनीच. मॅडमनी वहीत वीस रेघा मारल्या होत्या, त्यातल्या पहिल्या चारांवर आन शेवटच्या चारांवर गोल केला. म्हणाल्या, म्हणजे दोन्ही टोकांना.

तवा मला आठवलं. म्हणले, पन मॅडम, पाजायच्या आधी मी हात धुतले होते. साबणानं.

"नक्की? नुसतं पाणी की साबण?"

साबण. डोस द्यायच्या टायमाला नर्सबाईंनी माझ्याकडनं वदवून घेतलंय, पाजायच्या आधी साबणानं, नखं घासून, वीस आकडे मोजून. आरूला एकदा हगवण लागली होती, तवापास्नं मी तेवढं चुकवत न्हाई. शेडातल्या नळाला ब्रश बी बांधून ठेवलाय मी. विमलताई म्हणाली, व्हय मॅडम, ही रोज घासती, आमी हसतो हिला, ऑपरेशनला निघाली म्हणून.

मॅडम म्हणाल्या, साबणानं चीक गेला असेल तर शेवटच्या चार ओळी वाचल्या असतील. मग उठल्या आन पट्ट्यांचा डबा घेतला.

आता त्यांना कुठं शोधायचं ते कळलं होतं. चौथी ओळ आधी. दोन रेघा. पाचवी, विमलताईची, माझ्या शेजारची. वाटंनं जाताना माझ्या शर्टाची बाही लागत असनार, तितल्या कडंच्या वेलाला बी दोन रेघा. विमलताईनं डोळे मिटले. मग सहावी. एक. सातवी. एक. मधली बारावी. एक.

ऱ्हायल्या सुनीताच्या. सतराव्या ओळीची पट्टी बुडवली तवा मी बघितलंच न्हाई, आरूचं झबलं नीट करत बसले. एक रेघ आली म्हणून सुनीतानंच सांगितलं. अठरा आन एकोणीसची पानं एकत्र चेचली, पट्ट्या संपत आल्या होत्या म्हणून. एक. मग वीस.

एकच.

मॅडमनी हातमोजे काढले आन फोन हातात घेतला. साहेबांना सांगितलं, बियातून नाही आलेला, हातातून आलाय, आणि कुठपर्यंत गेलाय ते समजलंय. पहिल्या पाच काढा, सहावी सावधगिरी म्हणून काढा. बाकीच्या चौदा ठेवा, दर आठवड्याला तपासू.

फोन कटला का म्हणून आण्णांनी कानाला लावून बघितला. मग आवाज आला. "सारिकाताई हाये का तिथं?" मी म्हणले, हाय. "काल काहून नाही सांगितलं?" मी म्हणले, भ्याले, साहेब. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणले, "बरं. उद्या या. लेकराले घेऊनच या. पण तो घरचा वेल काढून या. आन विमलताईले सांगा, म्या चुकीचं बोललो."

आण्णांनी विमलताईची माफी-बिफी मागितली न्हाई. त्यांनी तिच्यासाठी चहा आणला, तो बी दोन्ही हातांनी. आमच्याकडं सुपरवायझरची माफी एवढीच असती.

घरी आत्यांना सांगायचं मला जास्त अवघड वाटत होतं. वेल त्यांचा. बी त्यांच्या माहेरचं. मी सगळं सांगितलं तर त्या म्हणल्या, "ऋषीची भाजी काय रोग आणती व्हय? इतकी वर्सं करतोय आमी." मी म्हणले, आत्या, भाजीनं न्हाई आणला, वेलाला आधीच होता, मी हातानं नेला. त्यांनी विचारलं, मग हात धू, वेल कशाला काढायचा? मी म्हणले, औषध न्हाई त्याला. उद्या परत विसरले तर? नायतर साहेबांनी काढून टाकलं तर आरूला कोन बघनार?

आत्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून, गोठ्यामागं गेल्या. विळा मागितला. बुडातनं वेल कापला आन काळा दोरा सोडून ठेवला.

"वेल काय, पुढल्या पावसात दुसरा येतोय," म्हणल्या. "तुजी नोकरी येतीया का?"

दुसऱ्या दिवशी आमी सहा ओळी काढल्या. ते बी मॅडमनी सांगितलं तसंच. चांगल्या ओळींचं काम आधी उरकायचं, आजारी ओळीत शेवटी जायचं, आन तितनं परत चांगलीत पाऊल टाकायचं न्हाई. वेल ओढत न्यायचा न्हाई, जागेवर पिशवीत भरायचा, तोंड बांधायचं. दोऱ्या सुद्धा फेकून द्यायच्या. माझ्या हातानं बांधल्याल्या दोऱ्या मीच कापल्या. काकड्या लागल्याल्या होत्या, बोटाएवढ्या. वाईट वाटलं. पन चौदा ओळींकडं बघितलं की बरं वाटायचं.

आन दूध. मॅडमनी दाराशी एक बादली ठेवायला लावली, त्यात दुधाची पावडर घट्ट कालवल्याली. ओळ बदलली की हात त्यात बुडवायचे, कात्री बुडवायची. दुधात असं काहीतरी असतं की ते व्हायरसला धरून ठेवतं, पानाला लागू देत न्हाई. आमाला आधी खरंच वाटंना. विमलताई कात्री बुडवताना म्हणायची, पोरांना मिळना आन कात्रीला दोन येळचं दूध. आन एक दिवस तिनं मला अडवून विचारलं, ऋषीपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत न्हाई ना? मग ह्या पॉलीहाऊसात बैल कधी आला व्हता? हितलीच काकडी न्यायची, पत्र्यावर कशाला चढलीस?

मॅडम तीनदा येऊन गेल्या. तीन बी टायमाला एकच रेघ. शेवटच्या टायमाला त्यांनी पट्टी माझ्याच हातात दिली आन म्हणाल्या, तूच बघ. मी बघितली. मग शेडात जाऊन आरूच्या झोळीखाली बसले आन पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता दारावर पाटी हाय. घरी वेल असंल तर सांगा. हात साबणानं धुवा, नखं घासा. सही करा. मला विचाराल तर व्हायरसला औषध न्हाई, पन साबण अजून सगळीकडं मिळतो. एवढं शिकले.

परवा जेवताना विमलताई म्हणाली, "सारिके, खरं सांगू? मी तुज्या जागी असते ना, तर बोलले नसते. मला दोन पोरं हायेत." मी तिला म्हणले, मी तरी कुठं बोलनार होते? आण्णांनी तुजं नाव घेतलं म्हणून बोलले. दुसऱ्या कुनाचं घेतलं असतं, जिच्या मांडीवर माझी आरू नसती, तर मी बोलले असते का, ते मला अजून बी माहीत न्हाई.

तुमी माझ्या जागी असता, अशी जागा परत मिळनार न्हाई हे ठाऊक असतं, आन नाव परक्या बाईचं आलं असतं, तर तुमी काय केलं असतं?